दोन टक्क्यांसाठी तीन महिने?

प्रश्न : यांचं वय ६६. दीड वर्षापूर्वी हार्ट फेल्युअर असल्याचं कळलं, तेव्हा हृदयाचं पंपिंग ३० टक्के होतं. औषधं सुरू झाली, छातीत आयसीडीचं मशीन (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देऊन ताळ्यावर आणणारं) बसवलं आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हे तीन महिने कार्डिॲक रिहॅबला, म्हणजे हृदयरुग्णांच्या देखरेखीखालच्या व्यायामाला, जात होते. खरं सांगते, त्या तीन महिन्यांत माणूस बदलला होता. आधी अंघोळ करून आले की पलंगावर आडवं व्हावं लागायचं, ते थांबलं. जिना चढायला लागले. मग कोर्स संपला. पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर ३२ टक्के. तेव्हापासून यांचं एकच पालुपद, ‘दोन टक्क्यांसाठी तीन महिने घालवले.’ आता सहा महिने झाले, दिवसभर खुर्चीत बसून असतात. मुलगा म्हणतो, जिम लावू, ट्रेनर ठेवू. मला भीती वाटते. यांना जरा धाप लागली की माझाच जीव वरखाली होतो आणि मी ‘बसा आता’ म्हणते. मशीनचा शॉक बसला तर? रिहॅबचे कागद सोबत जोडले आहेत. हा व्यायाम नक्की किती दिवस करायचा असतो? आणि पंपिंग वाढणारच नसेल तर करायचा तरी कशाला?

उत्तर : ताई, ‘किती दिवस’ याचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण ते ऐकून यजमान आणखी वैतागतील. म्हणून आधी ‘कशाला’कडे वळते.

तुम्ही जोडलेल्या कागदांत इकोचा रिपोर्ट सगळ्यात वर आहे. त्यावर पेनाने गोल केलाय, बहुधा त्यांनीच. त्याच्या मागे पिनेने लावलेला एक कागद आहे, त्याच्याकडे घरात कोणी फारसं पाहिलेलं दिसत नाही. ती सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी आहे. सपाट कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांत आपल्या चालीने किती अंतर कापलं, एवढंच त्यात मोजतात. रिहॅबच्या सुरुवातीला तुमचे यजमान २९० मीटर चालले होते, शेवटी ३६५. म्हणजे ७५ मीटर जास्त. या चाचणीत साधारण ३० मीटरची वाढ झाली तरी ती पेशंटला रोजच्या जगण्यात जाणवण्यासारखी धरतात. अंघोळीनंतर आडवं होणं का थांबलं, जिना का जमू लागला, ते या कागदावर लिहिलेलं आहे. इकोच्या रिपोर्टमध्ये ते कधीच दिसलं नसतं.

पंपिंग म्हणजे ईएफ. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. निरोगी माणसाचाही १०० नसतो. ५० ते ७० च्या आसपास असतो. शिवाय इकोवर तो डोळ्याने आणि हाताने रेषा आखून मोजतात. आज एकाने आणि उद्या दुसऱ्याने मोजला, तर चार-पाच टक्क्यांचा फरक नुसत्या मोजण्यात पडू शकतो. त्यामुळे ३० चे ३२ झाले याचा आनंद मानू नका आणि दुःखही करू नका. तो आकडा जिथल्या तिथेच आहे असं समजा. व्यायामाने काहींचा ईएफ थोडा वाढतो, पण रिहॅबची खरी कमाई तिथे नसते.

ती असते पायांत.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हार्ट फेल्युअरमध्ये कोण किती चालू शकतं याचा ईएफशी संबंध फार सैल असतो. २५ टक्के ईएफ असलेला माणूस आरामात फिरून येतो आणि ४० टक्केवाला दाराशीच थांबतो, असं आम्ही रिहॅबमधले लोक कायम पाहतो. ज्यांचा ईएफ अगदी नॉर्मल आहे अशांनाही हार्ट फेल्युअर असतं आणि त्यांनाही तसाच दम लागतो. यामागचं कारण शोधताना संशोधक हृदयावरून स्नायूंकडे वळले. नसेतून औषध देऊन हृदयाचं काम तात्पुरतं वाढवलं, तरी त्या माणसाची चालण्याची ताकद लगेच वाढत नाही, हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. कारण तोवर स्नायूच बदललेले असतात. त्यांचा घेर कमी होतो. सावकाश आणि बराच वेळ काम करणारे तंतू कमी होऊन पटकन थकणाऱ्या तंतूंचं प्रमाण वाढतं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया रोडावतात. असा स्नायू थोड्याशा कामानेही दमतो आणि मेंदूला निरोप धाडतो, श्वास वाढव. तुमच्या यजमानांना लागणाऱ्या धापेतला एक मोठा वाटा अशा प्रकारे मांड्यांमधून येतो. हृदयाचं पंपिंग तेवढंच ठेवून स्नायू सुधारता येतात. त्या तीन महिन्यांत नेमकं तेच झालं होतं.

आता गैरसोयीची बाजू. स्नायू जितके कामाने सुधारतात, तितकेच बसून राहिल्याने बिघडतात, आणि बिघडण्याचा वेग जास्त असतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी, पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची शारीरिक क्षमता जेवढी घटवली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटवली होती! हे निरोगी पोरांचं. तुमच्या यजमानांनी सहा महिने खुर्चीत काढले आहेत, तेव्हा रिहॅबमध्ये मिळवलेल्यापैकी बरंच हातचं गेलं असणार. पण एकदा मिळवलेलं पुन्हा मिळवता येतं. फक्त जिथे सोडलं होतं तिथून सुरू करता येणार नाही.

म्हणून किती दिवस याचं उत्तर, कायम. ‘कोर्स’ हा शब्द आम्हीच वापरतो आणि त्याने घोळ होतो. बीपीची गोळी तीन महिने घेतली, आता कोर्स झाला, असं कोणी म्हणत नाही. हॉस्पिटलमधले आठ ते बारा आठवडे हे शिकण्याचे असतात. किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, आपल्या शरीराची कोणती कुरकुर ऐकायची आणि कोणती सोडून द्यायची, हे कोणी तरी शेजारी उभं असताना शिकून घ्यायचं. त्यानंतरचा मोठा टप्पा घरी असतो आणि त्याला शेवटची तारीख नसते. हे शेवटच्या दिवशी बसवून सांगायला हवं. पुष्कळ ठिकाणी एक प्रमाणपत्र हातात देतात, फोटो काढतात, आणि पेशंटला वाटतं की सुटलो. माझं स्पष्ट मत आहे की हा त्यांचा दोष कमी आणि आमचा जास्त.

तुमचे यजमान एकटे नाहीत, हेही सांगते. ‘एचएफ-ॲक्शन’ नावाचा या विषयातला सगळ्यात मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधले २,३३१ पेशंट त्यात होते, सगळ्यांचा ईएफ ३५ किंवा त्याहून कमी. निम्म्यांना आधी देखरेखीखाली ३६ वेळा व्यायाम, मग घरी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात या गटाचा व्यायाम, मधला आकडा धरला तर, आठवड्याला ९५ मिनिटं होता. दहाव्या ते बाराव्या महिन्यात तो ७४ मिनिटांवर आला. आणि हे कोण, तर ज्यांना फोन करून विचारणारी माणसं होती, ज्यांना घरी व्यायामाचं यंत्र दिलेलं होतं! इतकी गळती असूनही व्यायाम करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलेलं दिसलं, आणि व्यायाम सुरक्षित ठरला. मृत्यू आणि हॉस्पिटलमध्ये भरती होणं यांतला फरक मात्र माफक होता. पेशंटच्या मूळ प्रकृतीतले फरक हिशेबात धरल्यावरच तो ठळक झाला. व्यायामाने आयुष्य नक्की वाढतं, असं वचन मी म्हणूनच देणार नाही. हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी होतात आणि जगणं सुसह्य होतं, एवढं मात्र अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही टिकून राहतं.

जे खरंच चालू ठेवतात त्यांचं काय होतं? इटलीत १२३ पेशंटांवर तब्बल दहा वर्षं चाललेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा, मध्यम जोराचा, देखरेखीखालचा व्यायाम. बहुतेक वेळा हॉस्पिटलमध्ये नाही, हृदयरुग्णांच्या क्लबात. हॉस्पिटलात फक्त वर्षातून दोनदा तपासणी. व्यायाम करणाऱ्यांची क्षमता दहा वर्षं टिकून राहिली, न करणाऱ्यांची हळूहळू उतरत गेली. हॉस्पिटलमध्ये परत भरती होणं आणि हृदयविकाराने मृत्यू, दोन्ही पहिल्या गटात कमी. अभ्यास लहान आहे, एकाच ठिकाणचा आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : आठवड्यातून दोनदा. एवढंच. दहा वर्षं.

आता तुमच्याबद्दल बोलते, रागावू नका. यजमानांना धाप लागली की तुम्ही ‘बसा’ म्हणता. पन्नासएक वर्षांपूर्वी डॉक्टरही तेच म्हणायचे. हार्ट फेल्युअर म्हणजे सक्त विश्रांती, अशीच तेव्हा शिकवण होती. ती मागे पडली, पण घराघरांत अजून टिकून आहे, कारण ती प्रेमापोटी सांगितली जाते. अडचण अशी की, थोडी धाप लागल्याशिवाय स्नायूंना सुधारायचं कारणच मिळत नाही. तेव्हा धाप लागली की नाही, हे पाहू नका; किती लागली, ते पाहा. आणि ते ओळखायला मशीन लागत नाही, गप्पा लागतात.

त्यांच्याबरोबर चाला. पहिली पाच-सात मिनिटं अगदी रमतगमत. मग वेग थोडा वाढवला की काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर दोन-तीन वाक्यांचं असेल. मध्ये एखादा श्वास घेऊन त्यांनी ती वाक्यं पुरी केली तर वेग बरोबर आहे. बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, अशी ती अवस्था असते. ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ अशी तुटक उत्तरं यायला लागली, तर वेग कमी करा. (मुळातच तुटक बोलणारे असतील तर ही परीक्षा अवघड जाईल, तेव्हा दहापासून उलटे आकडे म्हणायला सांगा.) गाडी सुटल्यासारखे अखंड बोलत राहिले, तर किंचित वेग वाढवायला हरकत नाही. शेवटची पाच-सात मिनिटं पुन्हा सावकाश. हा शेवटचा भाग कंटाळा आला म्हणून गाळू नका. त्यांच्या औषधांनी रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात. वेगात चालून एकदम उभं राहिलं तर बीपी उतरून चक्कर येऊ शकते.

मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यामागे लागू नका. बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके मंद ठेवणारी, गोळी चालू असताना ठोके वाढतच नाहीत तेवढे, आणि ठोके अनियमित असतील तर घड्याळही गोंधळतं. म्हणून रिहॅबमध्ये बोर्ग स्केलचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञांनी तो तयार केला; ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे आता शक्यच नाही. यजमानांना तो आठवत असेल. त्यांना ११ ते १३ मध्ये राहायचं आहे, म्हणजे ‘हलकं’ ते ‘थोडं जड’.

सुरुवात कितीने? सहा महिन्यांच्या खंडानंतर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, सपाट जागेवर. चार-पाच दिवस नीट गेले की एकेका वेळेत मिनिट-दोन मिनिटं वाढवा. आधी वेळ वाढवायची, वेग मागाहून. हळूहळू आठवड्यातले बहुतेक दिवस सलग अर्धा तास, इथवर पोचायचं. नाहीच पोचले तरी चालेल. एचएफ-ॲक्शनच्या आकड्यांचं नंतर जे विश्लेषण झालं, त्यात मध्यम प्रमाणात व्यायाम करणाऱ्यांमध्येच धोका बराच कमी दिसला होता. सगळ्यात जास्त करणाऱ्यांना त्याहून जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण थोडं करणं फुकट जात नाही, इतकं म्हणायला ते पुरेसं आहे.

नुसतं चालून भागत नाही. जिना, अंघोळीचं स्टूल, खुर्चीतून उठणं, या सगळ्याला मांडीची ताकद लागते आणि ती वेगळी कमवावी लागते. त्यासाठी एकच व्यायाम सांगते, तोही त्यांच्या लाडक्या खुर्चीवरचा. खुर्ची सरळ पाठीची, बिनचाकांची, भिंतीला टेकवलेली. पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पावलांत खांद्यांएवढं अंतर. हात छातीवर दुमडलेले. नाहीच जमलं तर मांड्यांवर, पण खुर्चीच्या हातांना धरून नाही. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. उठताना तोंडाने फू करून श्वास सोडायचा. पूर्ण उभं राहायचं, गुडघे सरळ. मग खाली येताना धपकन बसायचं नाही, मनात तीनपर्यंत मोजत सावकाश टेकायचं. खरा व्यायाम त्या सावकाश येण्यात आहे, आणि सगळे जण तिथेच चोरी करतात. पाच वेळा झालं की दोन मिनिटं थांबा, पुन्हा पाच. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोपं वाटायला लागलं की आठ, मग दहा. श्वास रोखून जोर लावायचा नाही, हा नियम खुर्चीला, वजनाला, जड दार ढकलायलाही लागू. श्वास कोंडून जोर केला की छातीतला दाब आणि बीपी दोन्ही एकदम हेलकावतात.

जिमबद्दल मुलाला सांगा, कल्पना वाईट नाही, घाई आहे. हलक्या वजनांचा व्यायाम यजमानांना चालेल, पुढे लागेलही. पण ज्या ट्रेनरला हार्ट फेल्युअर आणि आयसीडी यांतलं काही माहीत नाही, तो त्यांना इतरांसारखंच पळवणार. दणकून जोर, मग विश्रांती, पुन्हा दणकून जोर, असे जे प्रकार हल्ली चालतात, ते कमी ईएफच्या पेशंटांमध्ये तपासून झाले आहेत. ‘स्मार्टेक्स’ नावाच्या अभ्यासात, २०१७ मध्ये, तसल्या व्यायामाचा साध्या मध्यम सलग व्यायामापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मग कशाला? मुलाच्या उत्साहाचा खरा उपयोग वेगळा आहे. आठवड्यातले दोन दिवस चालायला त्याने यावं, म्हणजे तुम्हालाही सुट्टी.

शॉकची भीती. ही तुमच्याइतकीच त्यांनाही असणार, फक्त ते बोलत नसतील. एचएफ-ॲक्शनमध्ये आयसीडी बसवलेले हजाराहून जास्त पेशंट होते, आणि व्यायाम करणाऱ्यांना शॉक जास्त बसले असं त्यात आढळलं नाही. एक काळजी मात्र घ्यायची. मशीनला किती ठोक्यांवर ‘धोका’ समजायचं, हा आकडा प्रत्येकाचा वेगळा ठरवलेला असतो, आणि व्यायामात ठोके त्याच्या निदान दहा ते वीस खाली राहायला हवेत. ज्या वेगाने तुम्ही चालणार आहात त्यात ते तिथवर जाण्याची शक्यता कमी, तरी आकडा माहीत हवा. तो मशीन तपासणाऱ्या डॉक्टरांकडे मिळेल.

कधी करायचं नाही, तेही सांगते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तशाच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगावर चढलेलं पाणी समजा. व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. पायावरची सूज वाढली, रात्री एकाऐवजी दोन उशा लागायला लागल्या, बसल्या जागी दम लागतोय, ठोके नव्याने अनियमित झालेत, ताप आहे, तर तेच. व्यायाम करताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड सुरू झाली तर तिथेच थांबा. थांबूनही ओसरलं नाही तर वाट पाहत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. शुद्ध हरपली, किंवा लागोपाठ शॉक बसले, तर तसंच. एकच शॉक बसला आणि त्यानंतर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. याउलट व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणं, थोडी मरगळ, ही भिण्याची गोष्ट नाही. व्यायामानंतर तासभर उलटूनही गळून गेल्यासारखं वाटत असेल तर आजचा डोस जास्त झाला, उद्या कमी करा.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्यांवर बऱ्याच जणांचं चालणं अडतं. एक म्हणजे लघवीची गोळी. ती घेतल्यावर दोन-तीन तास बाहेर पडायची सोय नसते, आणि पुरुष हे कारण सांगायला लाजतात. ‘आज नको’ म्हणून वेळ मारून नेतात. गोळीची वेळ पुढेमागे करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा येते. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू मात्र नका. दुसरी, गुडघे. चालायला लागल्यावर गुडघे दुखले तर दुकानातून आणून साध्या वाटणाऱ्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात पाणी आणि मीठ साठवतात, हार्ट फेल्युअर त्याने बिघडतं. कोणती चालेल ते विचारूनच.

मध्येच आजारपण येईल, भरती व्हावं लागेल, खंड पडेल. दीर्घ आजारात हे गृहीतच धरायचं. तेव्हा ‘पुन्हा शून्य’ म्हणून सोडून देऊ नये. हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या वृद्ध आणि अशक्त पेशंटांवर केलेला ‘रिहॅब-एचएफ’ हा अभ्यास २०२१ चा आहे. त्यात सुरुवात चालण्याच्या वेगाने केलीच नव्हती. तोल सांभाळणं, उभं राहणं, खुर्चीतून उठणं, चार पावलं नीट टाकणं, तिथून हळूहळू वर. त्यांची हालचाल इतरांपेक्षा स्पष्ट सुधारली, जरी भरती होण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे खंडानंतर दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

एका गोष्टीबद्दल मला व्यायामापेक्षा जास्त काळजी वाटते. तुम्ही लिहिलंय, दिवसभर खुर्चीत. ते पेपर वाचतात का? कोणाचा फोन आला तर बोलतात का? झोप कशी आहे? हार्ट फेल्युअरच्या साधारण पाच पेशंटांपैकी एकाला औदासीन्याचा आजार असतो. ‘काय उपयोग’ हे वाक्य कधी कधी इकोच्या रिपोर्टबद्दल नसतंच. व्यायामाने मनालाही थोडी उभारी येते हे दिसलंय, पण थोडीच. मन फारच खाली गेलं असेल तर त्याचा वेगळा उपचार करावा लागतो, आणि तो केल्याशिवाय माणूस चालायलाही उठत नाही. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगा. त्यांच्या देखत सांगणं अवघड वाटत असेल तर चिठ्ठी लिहून द्या.

रोज हॉस्पिटलात जाणं जमणार नसेल तरी अडत नाही. ‘रीच-एचएफ’ नावाच्या ब्रिटिश अभ्यासात २१६ पेशंट होते, त्यांतल्या साधारण निम्म्यांना घरीच रिहॅब दिलं. पुस्तिका, चालण्याचा किंवा खुर्चीवर बसून करायचा व्यायाम, अधूनमधून प्रशिक्षित नर्सची किंवा फिजिओची भेट आणि फोन. वर्षाच्या शेवटी त्यांचं रोजचं जगणं इतरांपेक्षा बरं होतं. त्यात काळजी घेणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी, वेगळी पुस्तिका होती. तुमच्या रिहॅब सेंटरला विचारा, फोनवरून पाठपुरावा करतात का, आणि जुन्या पेशंटांचा एखादा गट भेटतो का. गटात गेलेली माणसं टिकतात, असा माझा अनुभव आहे. चार लोक ‘काल का नाही आलात’ म्हणून विचारतात, आणि बायकोने विचारलेलं आणि त्यांनी विचारलेलं यात किती फरक असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

तर यातलं काहीही सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा. सहा महिन्यांत बरंच काही बदललेलं असू शकतं. त्यांना चार गोष्टी विचारा : आता व्यायाम सुरू करायला प्रकृती स्थिर आहे का, आयसीडीचा आकडा किती, लघवीची गोळी कधी घ्यायची, आणि सहा मिनिटांची चाचणी पुन्हा करून मिळेल का. ती चाचणी दर तीन ते सहा महिन्यांनी करत राहा आणि घरात चर्चा त्या मीटरांची होऊ द्या. इको डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हा होईल. एक वही करा. डावीकडे सकाळचं वजन, उजवीकडे चाललेली मिनिटं. वही त्यांनीच लिहायची, तुम्ही नाही.